मुदतवाढ

मंगळवार, ६ सप्टेंबर १९६६

आज काउंटी बोर्डाची बैठक होती. संपल्यावर ग्लेन स्कोगेन थेट माझ्या गाडीपाशी आला. तो बोर्डाचा अध्यक्ष. काहीही सांगायच्या आधी माणसाच्या खांद्यावर हात ठेवायची त्याला सवय आहे.

"झालं, ऑर्विल. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर प्रश्न येतोय. शेरीफ, क्लार्क, खजिनदार, सगळ्यांची मुदत दोनाची चार वर्षं. आणि लोकांनी होय म्हटलं, तर या खेपेला निवडून येईल त्याच्यापासूनच लागू."

तो गेल्यावर मी गाडीतच बसून राहिलो. आनंद वगैरे म्हणता येणार नाही. जड पोतं उतरवल्यावर माणूस थोडा वेळ तसाच वाकलेला राहतो, तसं काहीतरी. ही माझी पाचवी निवडणूक. एक वर्ष काम करायचं आणि दुसरं वर्ष ते काम आपल्याकडेच राहावं म्हणून दारोदार फिरायचं, हे आता अंगावर येतं. शेत विकून टाकलं तेव्हा वाटलं होतं, नांगर सुटला. सुटला कसला! नुसतं जोखड बदललं.

घरी आलो तेव्हा आर्डिस मागच्या कोठड्यांतल्या कैद्यांची ताटं भरत होती. शेरीफच्या बायकोनं त्यांना रांधायचं, हा इथला रिवाज.

"दर दोन वर्षांची वणवण संपणार," मी म्हणालो. "एकदम चार वर्षं."

"चार," ती म्हणाली.

"चार."

"हे ताट धर. गरम आहे, खालून धर."

एवढंच. तिलाही सुटल्यासारखं वाटलं असणार. बोलून दाखवायचा तिचा स्वभाव नाही.

रविवार, ११ सप्टेंबर

चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅम, उकडलेले बटाटे, आणि ओळखीचे सगळे चेहरे. माझा उजवा हात संध्याकाळी दुखायला लागला, इतक्यांशी हस्तांदोलन केलं. म्हातारा नायगार्ड म्हणाला, "शेरीफ, दोन वर्षांतून एकदा तरी तुझं तोंड दिसतं. आता चार केलीत, तर एक फोटो देऊन ठेव बाबा. विसरायला होतं." सगळे हसले. मीही हसलो. हसण्याचाही शीण येतो, हे चाळिशीत कळलं नव्हतं.

ड्वेन क्रुगर आला होता. या खेपेला माझ्याविरुद्ध तोच उभा आहे. तीन वर्षं माझा डेप्युटी होता, बेड्या कशा घालायच्या ते त्याला मीच शिकवलं. बरोबर त्याची बायको लिनेट आणि ढकलगाडीत बाळ.

"चार वर्षांचं मला पटतं, शेरीफ," तो म्हणाला. "कुणाला मिळतात, एवढाच प्रश्न."

लाघवी आहे पोरगा. मी त्याची पाठ थोपटली.

आर्डिसनं क्रुगरचं बाळ बराच वेळ मांडीवर घेतलं होतं. येताना गाडीत म्हणाली, "त्या मुलीला मटाराचं सूप करता येत नाही."

"तिला कशाला यायला पाहिजे?"

"तेच म्हणते मी," आर्डिस म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

बुधवार, १४ सप्टेंबर

काल पक्षातली निवड पार पडली. विरुद्ध कुणी नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत तीनदा क्लार्कच्या ऑफिसात जाऊन आलो. आता खरी लढत.

मंगळवार, २० सप्टेंबर

पेल्टोला आत घेतलं. थंडी सुरू व्हायच्या बेतात आली की हा म्हातारा हमखास दारू पिऊन बँकेच्या पायरीवर झोपतो. बाहेर गारठून मरण्यापेक्षा आत आर्डिसच्या हातचं खाणं बरं, एवढी अक्कल त्याला दारूतही असते. त्याच्या कोठडीला मी कुलूप लावत नाही. तो दिवसभर स्वयंपाकघरात आर्डिसजवळ बसून बटाटे सोलतो.

आज मला म्हणाला, "साहेब, बाईंची तब्येत ठीक आहे ना?"

"का रे?"

"सोलता सोलता मधेच थांबतात. खिडकीतून बघत राहतात. मी विचारलं, काय बघताय, तर म्हणाल्या, काही नाही."

"पानांचा रंग बदलतोय. बायकांना आवडतं ते."

"तिकडं कोळशाचा ढीग आहे, साहेब."

दारुड्यांना सगळ्यातच काहीतरी दिसतं.

बुधवार, २८ सप्टेंबर

उत्तरेकडच्या गावांत फिरून आलो. वाटेत दोनदा टायर बसला. एका घरी बाईनं दार उघडलं, मला बघितलं, म्हणाली, "पुन्हा?" आणि आत बोलावून कॉफी दिली. अशी माणसं आहेत म्हणून चाललंय.

जेवताना आर्डिसनं विचारलं, "क्रुगर आला तर काय होईल?"

ती घाबरली आहे हे माझ्या लक्षात आलं. हे घर जाईल. पुढचा दरवाजा आमचा आणि मागचा कोठड्यांचा असलं, तरी छप्पर एकच आहे आणि ते काउंटीचं. शेत तर केव्हाच दुसऱ्याच्या नावावर झालं. मी तिचा हात धरला. "तो येत नाही. तू काळजी करू नकोस."

तिनं हात सोडवून घेतला आणि भांडी घासायला उठली. भांडी फारशी नव्हती. तरी बराच वेळ नळ वाहत होता.

खरं सांगायचं तर घाबरलेला मीच आहे. सत्तावन्न वय. शेरीफ नसलो, तर सकाळी उठून टोपी कुठली घालायची?

मंगळवार, ४ ऑक्टोबर

ग्लेनच्या डोक्यात एक कल्पना आली आहे. चार वर्षांच्या प्रश्नाबद्दल लोक साशंक आहेत. गावोगावी एकच बोलणं: खुर्चीला चिकटायची सोय करून घेताहेत. "वेस्टबी गावातल्या सभेत आर्डिसला बोलू दे," तो म्हणाला. "शेरीफच्या घरची माणसं दर दोन वर्षांनी कशी भरडली जातात, हे बाईच्या तोंडून ऐकलं की बायकांची मतं आपली. आणि काउंटीतल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातचं खाल्लंय. काहींनी आत बसून!" स्वतःच्या विनोदावर तोच खूप हसला.

मला वाटलं, ती नाही म्हणेल. चर्चमध्ये प्रार्थनेचा उतारासुद्धा वाचायला ती कधी उभी राहिलेली नाही. पण ती थोडा वेळ कणिक मळत राहिली, मग म्हणाली, "किती वेळ बोलायचं?"

"पाच मिनिटं पुरे."

"पाच मिनिटं बोलेन."

मी तिला मुद्दे लिहून दिले. फार बरं वाटलं. आम्ही दोघांनी मिळून काही केलं, त्याला बरेच दिवस झाले.

रविवार, ९ ऑक्टोबर

मार्लिस आली होती, शहरातून. जावई नव्हता. जेवण झाल्यावर दोघी मायलेकी अंगणात गाडीत बसून बोलत राहिल्या. घरात एवढ्या खोल्या असताना गाडीत का, कळलं नाही. आत आल्या तेव्हा मार्लिसचे डोळे लाल होते.

जाताना ती मला म्हणाली, "बाबा, तू आईला कधी विचारलंस का?"

"काय?"

"काहीही."

लहानपणापासून ही पोरगी अशीच तोडून बोलते. मी म्हटलं, रस्ता ओला आहे, सावकाश चालव.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

बऱ्याच दिवसांनी घरात हसू ऐकलं, म्हणून लिहून ठेवतो.

काल एका तरुण बाईला आत घ्यावं लागलं. नवऱ्याच्या डोक्यात तवा घातला होता. तो वाचला, आणि चूक कुणाची हे दोघांकडे बघून कळत होतं, पण कायदा तो कायदा. बाई कैदी असली की आर्डिसला तिच्याजवळ बसावं लागतं, कागदोपत्री ती मेट्रन आहे. सकाळी आर्डिस तिच्यासाठी दूध-पाव घेऊन गेली, ॲप्रनखाली किल्ल्या होत्या, त्या त्या बाईला दिसल्या नाहीत. लोखंडी दाराच्या आत ॲप्रन घातलेली, हात लाल झालेली बाई बघून तिला वाटलं, हीसुद्धा कैदीच. तिनं हळूच विचारलं, "तुला किती वर्षांची झाली गं?"

आर्डिस मला सांगताना इतकी हसली, की तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं. मीही पोट धरून हसलो. "मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"दोनदोनची शिक्षा चालली आहे म्हटलं, आता चाराची होणार आहे."

झकास. मी म्हटलं, हे वेस्टबीच्या सभेत सांग, लोक खूश होतील.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

काल सभा झाली. जसं घडलं तसं लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

वेस्टबीचा हॉल भरला होता. मागे माणसं उभी. ग्लेननं प्रश्न समजावून सांगितला, मग क्लार्क बोलला, मग आर्डिस. निळा ड्रेस घातला होता. हातात कागद नव्हता.

"मी आर्डिस टोरसन," ती म्हणाली. "बरेचजण मला ओळखतात. काहीजण जेवणामुळे ओळखतात."

हशा झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "सूप झकास असतं!"

"हो, ते चांगलं होतं. ग्लेननं सांगितलं, शेरीफच्या घरातलं काहीतरी सांगा. तर सांगते. अठ्ठावन्न साली ऑर्विल मला म्हणाला, दोन वर्षं. मी म्हटलं, दोन वर्षं काय, कुणीही करेल. साठ साली म्हणाला, आणखी एकदा. मग आणखी एकदा. माझी आई वारली तेव्हा मी अंत्यसंस्काराला गेले आणि लोक कॉफी घेत असताना निघून आले. आत नऊजण जेवायचे होते. माझी मुलगी ज्या पायऱ्यांवरून लग्नाच्या कपड्यांत उतरली, त्याच पायऱ्यांवरून त्या सकाळी एका माणसाला बेड्या घालून वर नेलं होतं. तो तिला म्हणाला, सुखी राहा. चांगला माणूस होता बिचारा."

कुणी हसलं नाही.

"माझी तक्रार नाही. ऑर्विल चांगला शेरीफ आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. चार वर्षं द्यायची तर द्या. कामासाठी ते बरंच आहे, दर वेळी घडी विस्कटत नाही. मला एवढंच म्हणायचंय, की दर दोन वर्षांनी तुम्ही त्याला विचारता, राहतोस का. तो हो म्हणतो. आता चार वर्षांनी विचाराल. मला कुणीच विचारत नाही. बोर्डानं विचारलं नाही, तुम्ही विचारलं नाही, आणि..."

तिनं माझ्याकडे बघितलं. पुढचं बोलली नाही. म्हणाली, "कॉफी गार होतेय," आणि खाली बसली.

एका बाईनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि आपण एकट्याच आहोत हे बघून थांबली.

गाडीत मी म्हणालो, "मी लिहून दिलं त्यातलं एक वाक्य नव्हतं."

"अक्षर लागलं नाही," आर्डिस म्हणाली.

बुधवार, २६ ऑक्टोबर

काही नाही.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

ग्लेन ऑफिसात आला आणि दार लावून घेतलं. या वेळी खांद्यावर हात नाही. "बायकोनं पार वाट लावली की रे आपली! अख्ख्या काउंटीत शेरीफची बायको कैदेत आहे म्हणून बोलताहेत."

मी म्हटलं, ती दमली आहे.

"अरे, मग दोन दिवस माहेरी पाठव! भाषण कशाला करायला लावतोस?"

"तूच म्हणालास."

तो गेला. मग दिवसभर दाराची घंटा वाजत राहिली. बायका येत होत्या, ज्यांची माझी धड ओळख नाही अशाही. कुणी ॲपल-पाय घेऊन, कुणी केक. पायरीवर ठेवत होत्या, आर्डिसशी दोन शब्द बोलत होत्या आणि जात होत्या. मतं एवढी फिरली नसावीत असं यावरून वाटतं. लोकांचा आमच्या घरावर अजून लोभ आहे.

पेल्टोनं तीन घरचे ॲपल-पाय खाल्ले आणि म्हणाला, "साहेब, निवडणूक दरवर्षी का घेत नाही?"

बुधवार, २ नोव्हेंबर

आज बोललो. बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघालं.

"हे सगळं मी तुझ्यासाठीच करत होतो," मी म्हणालो. ती टेबलक्लॉथांची घडी घालत होती.

"काय माझ्यासाठी?"

"चार वर्षांचं. दर दोन वर्षांनी ही धावपळ नको म्हणून."

"धावपळ तुझी आहे, ऑर्विल." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "मला दर दोन वर्षांनी एक नोव्हेंबर मिळायचा. त्या दिवशी सकाळी मला वाटायचं, कदाचित. तेवढंच. संध्याकाळपर्यंत पुरायचं ते. तू ते चारावर नेलंस, आणि मला सांगायला आलास तेव्हा तुझा चेहरा असा काही उजळला होता, की काही बोलायचा धीरच झाला नाही."

मी विचारलं, "म्हणजे मी हरावं असं तुला वाटायचं?"

"हो."

"आणि मत?"

"मत तुलाच दिलं. चारही वेळा." तिनं घडी पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली. "मतदान खोलीत गेले की वाटायचं, दुसऱ्याला दिलं तर तुझ्या तोंडाकडे कशी बघू."

"आणि या वेळी?"

"ते विचारायचं नसतं. केंद्राबाहेर उभा राहून लोकांना तूच सांगतोस ना."

मी बाहेर जाऊन गाडी धुतली. गाडी स्वच्छच होती. शेरीफ नसलो तर मी कोण, हे तिला सांगायला हवं होतं का? सांगितलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

मतदान. सकाळपासून बर्फ भुरभुरतंय, उत्तरेकडचे रस्ते वाईट आहेत. तिकडं माझी मतं आहेत.

आर्डिस दुपारी जाऊन आली. आल्यावर बूट झटकले आणि ॲप्रन बांधला. मी काही विचारलं नाही. तिनंही माझ्याकडे बघणं टाळलं नाही.

बुधवार, ९ नोव्हेंबर

चार वर्षांचा प्रश्न भरघोस मतांनी मंजूर झाला.

मी पडलो. फार नाही, पण पडलो.

दोन महिने माझ्या गाडीनं, माझ्या जिभेनं मी ज्याच्यासाठी राबलो, ती चार वर्षं ड्वेन क्रुगरला मिळाली. सकाळी तो आला, टोपी हातात घेऊन. "शेरीफ, मला वाईट वाटतंय." खरंच वाटत होतं त्याला. मी अभिनंदन केलं. माझा हात अजून दुखतो.

उत्तरेकडच्या बर्फानं घात केला असं माझं मत आहे. तिकडं निम्मे लोक बाहेरच पडले नाहीत. ग्लेनचं मत वेगळं आहे आणि तो ते सगळ्यांना सांगतो.

आर्डिसला सांगितलं तेव्हा ती पिठात हात घालून उभी होती. तिनं हात तसेच ठेवले आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता हसेल, नाहीतर रडेल. ती म्हणाली, "तुला फार लागलं का रे?"

"हो," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली, आणि पिठाच्या हातांनीच माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढलं. दिवसभर माझ्या कानाला पीठ लागलेलं होतं, कुणी सांगितलंही नाही.

शनिवार, २६ नोव्हेंबर

लिनेट क्रुगर घर बघायला आली. बाळ कडेवर. चांगली मुलगी आहे, बावीस-तेवीसची. बैठकीच्या खोलीत खूश झाली, जिन्यावर खूश झाली. मग स्वयंपाकघरात आली. शेगडीवरची मोठी पातेली बघून तिनं विचारलं, "एवढं कितीजणांचं असतं?"

"कधी चौघांचं, कधी पंधराजणांचं," आर्डिस म्हणाली.

"ड्वेन म्हणाला, थोडी मदत करावी लागेल."

"थोडी."

तेवढ्यात मागच्या लोखंडी दारातून पेल्टो आत आला आणि म्हणाला, "सलाम, नव्या बाई." मुलीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

आर्डिसनं मला आणि पेल्टोला बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं कोठड्यांच्या बाजूला बाकावर बसून राहिलो. पेल्टो म्हणाला, "आता कळलं का साहेब, दार कुठल्या बाजूनं बंद होतं ते?" मी त्याला गप्प बस म्हटलं.

मुलगी बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

मंगळवार, १३ डिसेंबर

आर्डिस बोर्डाच्या बैठकीला गेली. मला सांगून गेली, विचारून नाही. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

"तुरुंगासाठी स्वयंपाकी ठेवा," तिनं सांगितलं. "दोन जानेवारीच्या आत."

ग्लेन गोड आवाजात म्हणाला, "बाई, आठ वर्षं तुम्ही केलंत. कधी काही अडलं नाही."

"अडलं नाही, म्हणूनच तुम्हाला कळलं नाही."

"विषय चांगला आहे. वसंतात घेऊ."

"वसंतात ती मुलगी रोज बाराजणांचं करत असेल. मग तुम्ही म्हणाल, काही अडत नाही."

त्यांनी पुढचा विषय घेतला. रस्त्यावर टाकायच्या मिठाचा.

परत येताना तिला धरून चालावं लागलं, रस्ता निसरडा होता. "तू मागे बसला होतास," ती म्हणाली.

"हो."

"बरं वाटलं."

मला वाटलं होतं, मी काहीच केलं नाही.

सोमवार, २ जानेवारी १९६७

आज दुपारी बाराला माझी मुदत संपली.

सकाळी आर्डिसनं सगळ्यांना नाश्ता दिला, पातेली घासून पालथी घातली, गॅस बंद केला, स्वयंपाकघराला कुलूप लावलं. आमचं सामान मार्लिस आणि जावयानं गाडीत भरलं होतं. फोटोसाठी ग्लेन आणि बोर्डाची माणसं पायऱ्यांवर उभी होती. क्रुगर नव्या गणवेशात. लिनेट बाळ घेऊन एका बाजूला.

आर्डिसनं किल्ली ग्लेनच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"ऑर्विलची मुदत बाराला संपते. माझीही. संध्याकाळी साडेपाचला आतल्यांना जेवण लागतं. आज आठजण आहेत. मटार भिजवलेले नाहीत."

ग्लेन हसला. मग कुणीच हसत नाही हे बघून त्यानं लिनेटकडे बघितलं. ती पांढरी पडली होती, पण आवाज फुटला. "मला मटाराचं सूप येत नाही," ती म्हणाली. "आणि मी शिकणारही नाही."

ग्लेननं क्रुगरकडे बघितलं. क्रुगरनं स्वतःच्या चकचकीत बुटांकडे बघितलं.

"ऑर्विल," ग्लेन म्हणाला, "अरे, सांग ना हिला काहीतरी!"

सगळे माझ्याकडे बघत होते. आर्डिससुद्धा. ऑक्टोबरात वेस्टबीच्या हॉलमध्ये तिनं असंच बघितलं होतं.

मी घड्याळ बघितलं. "बारा वाजायला अजून पंधरा मिनिटं आहेत," मी म्हणालो. "म्हणजे शेरीफ मीच. कैद्यांचं जेवण ही बोर्डाची जबाबदारी आहे, ग्लेन, कुणाच्या बायकोची नाही. आज ते उपाशी राहिले, तर जाब बोर्डाला द्यावा लागेल. नोंद करून ठेवू का?"

असं कायद्यात नेमकं लिहिलंय का, मला ठाऊक नाही. पण शेरीफच्या आवाजात म्हटलं की खरं वाटतं. पंधरा मिनिटांनी तो आवाज माझा राहणार नव्हता.

ग्लेन किल्ली धरून उभा राहिला, जणू ती गरम आहे. मग पायऱ्या उतरून हॉटेलच्या दिशेनं चालायला लागला. आतून पेल्टो ओरडला, "अध्यक्षसाहेब, माझ्या सँडविचमध्ये कांदा नको!"

शपथविधी मी बघितला नाही. टोपी क्रुगरच्या टेबलावर ठेवली आणि गाडीत जाऊन बसलो. आर्डिस आधीच बसली होती. मांडीवर एक कुंडी.

गुरुवार, ५ जानेवारी

कळलं की बोर्डानं मंगळवारीच स्वयंपाकीण ठेवली. लिनेट क्रुगरनं आर्डिसला फोन करून सांगितलं. दोघी बराच वेळ बोलत होत्या.

आम्ही मार्लिसच्या शहरात, एका विधवा बाईच्या घराच्या वरच्या मजल्यावर आहोत. दोन खोल्या. इथं मला कुणी ओळखत नाही. दुधाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी हवा आहे म्हणे. जावयानं शब्द टाकला आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. पहाटे जाग येते आणि कुणाला आत घ्यायचं नाही, कुणाला सोडायचं नाही, हे लक्षात यायला वेळ लागतो. छातीत पोकळ वाटतं. हे मी काल आर्डिसला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. इतकं सोपं होतं ते.

आज सकाळी अंडी मी केली. खाली लागली. आर्डिसनं तशीच खाल्ली आणि कॉफी मागून घेतली, बसल्या जागी. मला वाटतं, इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच टेबलावर गरम कॉफी पीत होती.

"घरमालकीण विचारत होती," मी म्हणालो. "किती दिवस राहणार आपण?"

"ठरवलं नाही."

"तरी? सहा महिने? वर्ष?"

"ऑर्विल, ठरवलं नाही म्हटलं ना," ती म्हणाली, आणि कप पुढे केला.